सोतेर्नमध्ये मेथी

शकू येलवे आमच्या कंपनीत लागली ती बाटल्या धुवायला. बारावी झालेली, लग्न होऊन टिटवाळ्याला आलेली, वय एकवीस-बावीस. आज ती सेहेचाळीसची आहे आणि अजून इथेच आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या बाबतीत जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. त्यात थोडी चूक माझीही आहे, म्हणून सांगतो.

मी पंढरी. डोंबिवली एमआयडीसीत आमचा एसेन्सचा कारखाना आहे, तिथलं स्टोअर मी सांभाळतो. बिस्किटाला लोण्याचा वास, सरबताला वाळ्याचा, मुलांच्या खोकल्याच्या औषधाला चेरीचा, हे सगळं आमच्यासारख्या कारखान्यांतून जातं. माझ्याकडे सहाशेच्या वर बाटल्या आहेत. रोज त्यांच्यात वावरून माझं नाक आता जवळजवळ बधिर झालंय. शकूचं उलट झालं.

लागल्यावर दुसऱ्याच वर्षी गुलाबाच्या एसेन्सचा ड्रम बाहेर पडत होता. ती बाटल्या घेऊन शेजारून गेली आणि थांबली. म्हणाली, याला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. कुणी लक्ष दिलं नाही. माल इंदूरला गेला आणि आठवड्याने परत आला. झाकणाचा वॉशर चुकीचा होता. तेव्हाच्या मॅनेजरनं तिला लॅबमध्ये घेतलं. तेव्हापासून प्रत्येक बॅच तिच्या नाकाखालून जाते. हुद्दा मात्र ‘हेल्पर’ होता तो फार तर ‘असिस्टंट’ झाला. त्याच्या वर जायला बीएस्सी लागते.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ठाण्याहून समीक्षा कर्णिक नावाच्या बाई आल्या. तिशीच्या आसपास, घोडबंदर रोडला स्वतःचं आइस्क्रीमचं छोटं युनिट. मिठाई-केकचं शिक्षण फ्रान्समध्ये झालेलं. त्यांना एक वेगळाच फ्लेवर हवा होता. तिकडे जेवणानंतर गोडाबरोबर पितात ती एक वाइन, तिचा वास आणि चव आइस्क्रीममध्ये हवी, पण दारूचा थेंब नको. नमुना म्हणून त्यांनी एक छोटी बाटली ठेवली. आमचे लॅबचे प्रमुख सलिल सर लेबल बघून ‘सॉटर्नीस’ म्हणाले. बाईंनी हळूच सांगितलं, सोतेर्न.

आमच्याकडे चव सांगणाऱ्या पाच जणांचं पॅनल असतं. अट एकच, तंबाखू-गुटखा खाणारा नको. एवढ्या मोठ्या कारखान्यात असे पाच जण शोधताना साहेबांची दमछाक झालेली, म्हणून स्टोअरमधला मीसुद्धा त्यात होतो. शकू तर होतीच.

सर्क्युलर आलं तशी ती माझ्याकडे आली आणि खुर्ची ओढून बसली. तिचं माहेर कल्याणच्या चाळीतलं. वडील सखाराम तिच्या लग्नानंतर दारूपायी गेले. सहावी-सातवीत असताना गुत्त्यावर जाऊन त्यांना घरी आणायचं काम हिच्याकडे असायचं. पुढे ती दर पौर्णिमेला विहारात जाऊन पंचशील घेणारी झाली, आणि त्यातलं पाचवं शील दारूचंच आहे. मी म्हटलं, अगं, आपण गिळतो कुठे, सगळंच थुंकतो. ती म्हणाली, ते मलाही कळतं, पण घरी काय सांगू?

घरी तिनं खरं तेच सांगितलं. नवरा राजरत्न वीज कंपनीत लाइनमन आहे, कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, तोंडात घेतली म्हणजे घेतलीच ना. सकाळी डबा घेताना मात्र तोच म्हणाला, काम आहे तर कर, पण आत जाऊ देऊ नकोस.

पॅनलच्या दिवशी सलिल सरांनी बाटली बर्फात ठेवलेली. प्रत्येकाला दोन चमचे होईल एवढीच, उंच पायाच्या काचेच्या ग्लासात. रंग जुन्या मधासारखा. शेजारी थुंकायला कागदी कप, आणि तोंड साफ करायला पाणी व कुरमुरे. एका नमुन्याला सहा मिनिटं.

मला गोड लागलं. खोकल्याच्या औषधासारखं गोड आणि मागून आंबट. मी कागदावर ‘मध’ लिहिलं आणि मोकळा झालो.

शकूनं ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. मला वाटलं, ही उठून जाणार. पण तिनं परत उचलला, डोळे मिटले आणि नुसती हुंगत राहिली. चार मिनिटं गेली तरी तोंडाला लावला नाही. मग एक घोट घेतला, तोंडभर फिरवला, कपात टाकला, आणि थुंकल्यानंतरही तोंड मिटून बसून राहिली. सर घड्याळ दाखवत होते. ती लिहायला लागली ती अर्धं पान लिहून थांबली.

मग एकेकानं वाचायचं. तिची पाळी आली.

“सुकवलेले जर्दाळू,” ती वाचू लागली. “संत्र्याच्या सालीचा मुरंबा. केशर, पण दुधातलं नाही, कोरडं. मेण. गोड आहे पण चिकटत नाही, आंबट त्याला उचलून धरतंय. आणि थुंकल्यावर मागे मेथी राहते. लाडवांसाठी मेथीचं पीठ तुपात भाजतो ना, तशी.”

आधी मितेश हसला. मितेश सरांच्या हाताखालचा नवा मुलगा, बाहेरून डिग्री घेऊन आलेला. मग बाकीचे हसले. सलिल सर म्हणाले, शकूताई, ही फ्रान्सची वाइन आहे, बाळंतिणीचा खुराक नव्हे. त्यावर मीही हसलो. सरांनी तिचा कागद घेतला आणि ‘मेथी’वर लाल पेनानं आडवी रेघ मारली. क्लायंटला हे कसं दाखवणार, म्हणाले. शकूनं कुरमुरे खाल्ले आणि ग्लास गोळा करायला लागली, ते तिचं काम नसताना.

बाटलीत अर्ध्याच्या वर वाइन उरलेली. तिनं सरांना विचारलं की ती फ्रिजमध्ये ठेवली तर मला रोज जरा हुंगता येईल, गरम होताना तिचा वास बदलतो असं वाटतंय. सर हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाटली रिकामी मिळाली. सेल्सच्या लोकांनी सोडा घालून संपवलेली. गोड होती पण किक नव्हती, असं त्यांचं मत. त्या दिवशी शकूला मी पहिल्यांदा खरी चिडलेली बघितली. आरडाओरडा नाही, काही नाही. रिकाम्या बाटलीचं बूच तिनं एका पिशवीत बांधून ठेवलं आणि जाता-येता ते हुंगत राहिली.

पहिला नमुना गेला. समीक्षाबाईंनी परत पाठवला. जर्दाळूचं छान सरबत झालंय, पण ती वाइन नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसरा गेला, त्यात मध वाढवला, लाकडाचा वास घातला. तोही परत आला. या वेळी म्हणाल्या, शेवट नाहीये याला, गिळलं की संपतं.

शकूला हे कळलं तशी ती जेवणाच्या सुट्टीत माझ्या स्टोअरमध्ये येऊ लागली. डबा पाच मिनिटांत उरकायचा आणि कागदाच्या पट्ट्या घेऊन एकेक बाटली हुंगायची. असे आठ-दहा दिवस गेले. मी वैतागायचो, कारण बाटल्या जागच्या हलल्या की बोलणी मला बसतात. मागच्या फळीवर एक बाटली दोन पिशव्यांत गुंडाळून बरणीत ठेवलेली असते, नाव सोटोलॉन. मूळ अर्क इतका उग्र की झाकण उघडलं तर दोन दिवस सगळं स्टोअर मेथीच्या भाजीसारखं घमघमतं. त्याचं हजारपट पातळ केलेलं द्रावण मात्र आम्ही बटरस्कॉचसाठी हाताशी ठेवतो. त्यात शकूनं एक पट्टी बुडवली. दुसरी पट्टी परत आलेल्या नमुन्यात. दोन्ही एकत्र धरून नाकासमोर पंख्यासारख्या हलवल्या. मग खाली बसलीच.

“दादा, हे घ्या. आधी एक, मग दोन्ही.”

मी घेतल्या. एकटी पट्टी मेथी होती. दोन्ही मिळून मेथी राहिलीच नाही. त्या सरबतात जी पोकळी होती ती कुणीतरी भरल्यासारखी वाटली. माझं बधिर नाक, पण मला ते समजलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी गप्प बसलो.

ती पट्ट्या घेऊन सरांकडे गेली. सर फोनवर होते. पट्ट्या टेबलावर ठेवायला सांगून म्हणाले, “ताई, वास काय येतो ते तुम्ही सांगा. काय घालायचं ते आम्ही बघू.” ती म्हणाली, वासच तर सांगतेय. पण ते परत फोनवर गेले. मग तिनं पट्ट्या मितेशला दिल्या आणि बाटलीचं नावही सांगितलं. त्यानं हुंगलं, इंटरेस्टिंग म्हणाला, वहीत काहीतरी लिहिलं.

तीन आठवड्यांनी तिसरा नमुना तयार झाला आणि समीक्षाबाई स्वतः आल्या. मी आइस्क्रीमचे डबे बर्फाच्या पेटीतून मीटिंगच्या खोलीत नेले, म्हणून तिथेच होतो. पॅनलमधली म्हणून शकूही टोकाच्या खुर्चीवर. बाईंनी एक चमचा घेतला, मग दुसरा. मग म्हणाल्या, हेच. हेच हवं होतं.

मग त्यांनी सांगितलं की त्या भागात सकाळी नदीचं धुकं द्राक्षांवर येतं आणि द्राक्षांना एक बुरशी धरते. दुसरीकडे ती आली तर पीक फेकून देतात. तिथे ती द्राक्षातलं पाणी पिऊन टाकते, द्राक्ष सुरकुततं, गोडी आटते, आणि मग माणसं पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून पिकलेला तेवढाच दाणा वेचतात. मागे रेंगाळणारा तो वास त्यातूनच येतो. “आणि गंमत म्हणजे,” बाई म्हणाल्या, “आपल्या मेथीत तोच असतो. तिकडे शिकताना मला कुणी सांगितलं नव्हतं, नंतर वाचलं. तुमच्यात कुणाला सापडला?”

मितेश म्हणाला, मशीनच्या रिपोर्टमध्ये आला. ठाण्याच्या एका लॅबमध्ये नमुना पाठवलेला. ते खोटं नव्हतं. रिपोर्ट खरंच आलेला. काय शोधायचं ते कुणी सांगितलं, एवढंच त्यात नव्हतं. सलिल सर टेबलाकडे बघत होते. शकूनं माझ्याकडे बघितलं. मी बर्फाची पेटी पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टोअरच्या दारात उभी. म्हणाली, चला माझ्याबरोबर. काय बोलायचं ते मी बोलेन, तुम्ही फक्त उभे राहा. मी गेलो.

सरांसमोर तिनं आपला पहिला कागद ठेवला. फाइलमधून मागून घेतलेला. सरांनी लाल रेघ बघितली. म्हणाले, असं मनावर घेऊ नका, हे एकट्याचं यश नाही, टीमचं आहे.

“टीममध्ये मी होते ना सर,” शकू म्हणाली. “मग माझा शब्द का खोडला?”

सर म्हणाले, तेव्हा तसं वाटलं. मला विचाराल तर सलिल सर हा काही वाईट माणूस नाही. शकूच्या नाकावर त्याचंही नाव चालतं हे त्याला ठाऊक आहे. पण ठाऊक असणं वेगळं आणि लिहून देणं वेगळं.

तिनं दोन गोष्टी मागितल्या. एक, त्या फ्लेवरच्या फाइलमध्ये तिचा कागद खोडाखोड न करता नव्याने लावायचा. दुसरी, नमुने वजन करून बनवायचं काम तिला शिकवायचं. पहिली गोष्ट महिन्याभराने झाली, तीही तिनं चार वेळा आठवण केल्यावर. दुसरीला वरून तीन ओळींचं उत्तर आलं, की शिक्षणाची अट शिथिल करता येत नाही. आणि सोबत नवीन फॉर्म आले. पॅनलवाल्यांनी आता स्वतःच्या शब्दांत लिहायचं नाही. फळ, फूल, मसाला, लाकूड, भाजलेलं, असे छापील चौकोन, त्यात फक्त खूण करायची. म्हणजे पुन्हा वाद नको. तिच्या तक्रारीतून कंपनीनं हे शिकून घेतलं.

शकूनं पॅनल सोडलं. दोन महिने ती नेहमीच्या बॅचेस तपासून पाचच्या ठोक्याला निघायची. मग त्याच सोतेर्न फ्लेवरची एक बॅच बिघडली. कुणालाच काय ते कळेना. मितेश नमुना घेऊन तिच्या टेबलाजवळ उभा राहिला, मान खाली घालून. ती त्याला परत पाठवील असं मला वाटलेलं. तिनं वास घेतला, सोटोलॉन जास्त पडलंय, म्हणाली, आणि पट्टी त्याच्या हातात ठेवली. नंतर माझ्याजवळ चडफडली. चुकलेला वास समोर असला की राहवतच नाही हो दादा, नाक पण माझं ऐकत नाही.

त्याच आठवड्यात मी समीक्षाबाईंना फोन केला. माल पोचल्याचं विचारायचं निमित्त होतं. मग जे मीटिंगमध्ये बोलायला हवं होतं ते सगळं बोललो. तीन-चार महिने उशिरा. त्या ऐकत राहिल्या. पंधरा दिवसांनी एक खोकं आलं, ‘शकुंतला येलवे’ अशा नावानं. आत तीच वाइन, छोटी बाटली, आणि चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलेलं की मेथीचा शब्द पहिल्यांदा तुम्ही म्हणालात हे कळलं, आता ही तुमच्या सवडीनं बघा, सहा मिनिटांत नको.

घरी ती बाटली नेणं शकूला शक्य नव्हतं. नऊ दिवस ती माझ्या स्टोअरच्या फ्रिजमध्ये पडून होती. मग एका शनिवारी अर्ध्या दिवसानंतर शकूनं राजरत्नला बोलावलं. म्हणाली, मी काय करते ते त्यांनी एकदा बघावं.

तो आला, हेल्मेट मांडीवर घेऊन ड्रमवर बसला. शकूनं लॅबमधून तीन ग्लास आणलेले. बाटली उघडली, तळाला जेमतेम ओतली. ती घाई करत नव्हती. थंड असताना काय, हातात धरून ऊब लागल्यावर काय, ते हळूहळू सांगत होती. आता जर्दाळू मागे गेले, आता केशर पुढे आलं, आता अक्रोडाची साल. तोंडात घेतली, बेसिनमध्ये टाकली, आणि किती वेळ चव टिकते ते घड्याळावर बघितलं. तिचा चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. मग तिनं एक ग्लास नवऱ्यापुढे धरला. पिऊ नका, नुसता वास घ्या, म्हणाली.

त्यानं घेतला. बराच वेळ घेतला. मग ग्लास खाली ठेवून म्हणाला, “मला तुझ्या बाबांच्या शर्टाचा वास येतो.”

शकूनं आपला ग्लासही खाली ठेवला.

“मलाही आधी तोच येतो,” शकू म्हणाली. “दर वेळी. तो जाईपर्यंत थांबावं लागतं.”

राजरत्ननं पुन्हा ग्लास उचलला. थांबला. खरंच प्रयत्न केला त्यानं, मी बघत होतो. शेवटी मान हलवली. नाही येत दुसरं काही. शकूनं अजून जरा थांबायला सांगितलं, हातात धरून गरम करा म्हणाली, खालून वास घ्या म्हणाली. आवाजात चीड यायला लागलेली. मला विचारलं तर मीही ‘गोड’च्या पुढे फार काही सांगू शकलो नाही. ती आम्हा दोघांकडे बघत राहिली. साहेबांवर तिला चिडता येत होतं. आमच्यावर कशी चिडणार? तिच्यासमोर एवढं सगळं मांडलेलं, आणि ते तिच्याबरोबर बघणारं कुणीच नव्हतं.

तिनं ग्लास धुतले, तीनदा, साबण लावून. मग दोघं मोटरसायकलवरून टिटवाळ्याला गेले. जाताना राजरत्न मला म्हणाला, तिचं काम अवघड आहे हो.

उरलेली बाटली तिनं बूच लावून फ्रिजमध्येच ठेवली. पुढचे आठ दिवस रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन ती एक थेंब ग्लासात घ्यायची, हुंगायची आणि काय बदललं ते लिहायची. कागद कुठला, तर तेच नवीन छापील फॉर्म. पुढच्या चौकोनांना हात लावला नाही, सगळं मागच्या कोऱ्या बाजूला, स्वतःच्या शब्दांत. आठव्या दिवशी म्हणाली, आता उतरली, आणि बाटली बेसिनमध्ये रिकामी केली.

ते आठ कागद तिनं सरांच्या टेबलावर ठेवलेले. दोन दिवसांनी ते न वाचताच इतर रद्दीबरोबर माझ्याकडे आले. मी ते काढून खणात ठेवलेत. कुणी मागितले तर देईन. अजून कुणी मागितलेले नाहीत.